जाळ, जाळं आणि नऊवारी लुगडं

मोहाची फुलं झाडावर चढून तोडावी लागत नाहीत. पहाटे ती आपली आपण गळतात, आपण फक्त वाकायचं आणि वेचायचं. पळसबोडीचे किस्से माझ्याकडे असेच जमले. मी ते गोळा करायला कधी गेले नाही, पण वाकले की ओंजळ भरायची! आता मैत्रिणी म्हणतात, "तोंडी किती वेळा सांगशील? लिहून टाक." टाकते.

आधी हे सांगते की मी डोक्यात काय घेऊन तिथे गेले होते. म्हणजे हसणं सोपं जाईल.

स्कॉटलंडमध्ये वनशास्त्र शिकून मी नुकतीच नागपूरला परत आले होते. जंगल टिकवायचं तर ते जंगलाशेजारच्या माणसांच्या हाती द्यायला हवं, हे मला मनापासून पटलं होतं. (पटलं होतं ते तिकडच्या थंडीत, हीटरशेजारी बसून.) डोळ्यांपुढे चित्र तयार होतं. पिंपळाचा पार, मी बोलतेय, माणसं माना डोलावतायत आणि शेवटी एक म्हातारा थरथरत उठून म्हणतोय, "पोरी, आज तू आमचे डोळे उघडलेस!"

पळसबोडी हे उमरेडच्या पुढचं, टेकडीच्या पायथ्याचं गाव. तिथे पिंपळ होता, पार होता, माणसंही होती. मी जीव तोडून बोलले. टेकडीवरची चारोळी, बेहडा, हिरवी कबुतरं, अस्वलं, आणि दर उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यात या सगळ्यांचं काय होतं ते सांगितलं. बोलणं संपलं. मग पुढे बसलेली एक उंच, काटक बाई उठली. मला वाटलं, आला तो क्षण!

ती म्हणाली, "बाई, तुहं लगन झालं का?"

"नाही."

"मंग तुहा मोह कोणता?"

हा प्रश्न मला फार खोल वाटला. मी विचार करून म्हणाले, "मला तसा कसलाच मोह नाही."

पारावर असा हशा उसळला की पिंपळावरचे पोपट उडाले!

त्या बाईचं नाव गिरजाबाई. तिच्याकडूनच मला नंतर कळलं की पळसबोडीत प्रत्येक घराचा एक मोह असतो. मोहाचं झाड. सून घरात आली की सासू तिला टेकडीवर नेऊन दाखवते, "हा आपला." तिथे माणसाची ओळख आडनावावरून नसते, मोहावरून असते. आणि ज्या वणव्यावर मी इतकं बोलले, तोही तिथूनच निघायचा. फुलं गळतात वाळक्या पाचोळ्यात, पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी करतात. एखादी ठिणगी वाऱ्यावर वर जाते आणि टेकडी जळते.

"तुहा मोह नाही, तं तुले काय समजते वं?" गिरजाबाई म्हणाली. "पाहुणी हायस. चहा घे."

मी चहा घेतला.

* * *

आमचं निसर्ग मंडळ रामदासपेठेत, माझ्या वडिलांच्या दवाखान्यावरच्या खोलीत भरायचं. अध्यक्ष नाना, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सेक्रेटरी मी. बाकीचे सभासद रविवारी पक्षी बघायला यायचे, तेही चिवडा असेल तर.

बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, "जूनपर्यंत हौस भागवून घे." जूनमध्ये मी परत जाणार होते. तिकडे पुढच्या संशोधनासाठी माझी जागा राखून ठेवलेली होती. हे मी पळसबोडीतही सांगितलं होतं, त्यामुळे माझं पाहुणेपण आणखीच पक्कं झालं होतं.

नाना आणि मी रेंजरसाहेबांकडे गेलो. सडसडीत माणूस, मिशा मात्र भारदस्त. त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. दिवाळीनंतर त्या टेकडीवर कूप पडणार होता, म्हणजे ठेकेदाराची तोड. "मोह तेवढे उभे ठेवतात," ते म्हणाले. "बाकी साफ."

"का पण?"

"दरवर्षी जळतेच आहे, मॅडम. जळण्यापेक्षा तोडलेली बरी, असं वरचं मत आहे."

नकाशावर टेकडीच्या कडेने एक लाल रेघ होती. नानांनी विचारलं, "ही काय?"

"जाळरेषा. वणवा पुढे सरकू नये म्हणून आम्ही एक पट्टा आधीच जाळून काळा करून ठेवतो."

"टेकडीवर तर असा पट्टा दिसला नाही आम्हाला."

"टेकडीवर नाही. नकाशावर आहे," रेंजरसाहेब शांतपणे म्हणाले. "माणसं कुठे आहेत माझ्याकडे?"

मी हट्टाला पेटले. भांडले, विनवलं, पुन्हा भांडले. शेवटी ते म्हणाले, "ठीक. एक उन्हाळा देतो. वणव्याने टेकडी जळली नाही, तर मोठ्या साहेबांना स्वतः घेऊन येतो आणि टेकडी गावाच्या राखणीत द्यायची शिफारस करतो. जळली, तर ठेकेदाराला रस्ता मीच दाखवीन!"

जिना उतरताना नाना म्हणाले, "जिंकलो!"

"अजून काहीच झालं नाही, नाना."

"अगं, सरकारी माणूस 'ठीक' म्हणाला. अजून काय व्हायचं असतं?"

* * *

पहिलं काम वनखात्याच्या नावाने बोर्ड लावायचं. उमरेडच्या एका पेंटरला मी मजकूर तोंडी सांगितला: 'टेकडीवर सर्वांना बंदी.' कुऱ्हाडीचं चित्रही काढायला सांगितलं. त्याने त्याच रात्री बोर्ड रंगवून गावाच्या वेशीवर ठोकला.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचते तो काय, वेशीवर जत्रा! आख्खं पळसबोडी उभं, शेजारच्या दोन गावांतलीही माणसं आलेली. मला वाटलं, लोक चिडलेत.

चिडले कसले, आनंदात होते! पेंटरने 'द'च्या जागी 'ड' काढला होता. बोर्डावर लिहिलं होतं: 'टेकडीवर सर्वांना बंडी.' आणि तिकडे बंडी म्हणजे बैलगाडी!

"सरकार सगळ्याईले बंडी देऊन राहिली म्हणते!" एक आजोबा काठी टेकत पुढे आले. "मी पहिला आलो, बाई. ध्यानात ठेवजो."

"मले बंडी नको," गिरजाबाई मागून ओरडली. "मले बैल दे. बंडी हाय माह्याकडं!"

"पण मंग हे कुऱ्हाड काहून काढली?" कुणीतरी विचारलं.

"बंडी बनवाले!" आजोबांनी सांगून टाकलं.

मी समजावून सांगेपर्यंत घसा बसला. पण इतकी माणसं जमलीच होती, तेव्हा गावचा कोतवाल सुखदेव म्हणाला, "बंडी नाही तं नाही. आता आलेच हायेत सारे, तं सभा करून टाका गा." त्याच सभेत ठरलं की टेकडीवर ओलं लाकूड कुणी तोडायचं नाही. मोळी वाळक्याचीच. माझ्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते एका 'ड'ने झालं!

रेंजरसाहेबांना मी म्हटलं, "बोर्ड आजच दुरुस्त करून घेते."

"हात लावू नका!" ते म्हणाले. "आमच्या खात्याचा बोर्ड लोकांनी वाचल्याची ही पहिलीच वेळ आहे."

* * *

खरा प्रश्न पाचोळ्याचा होता. माझा प्लॅन सोपा होता. मोहाखाली जाळं अंथरायचं, फुलं जाळ्यात पडतील, पाचोळा पेटवायची गरजच नाही. नानांनी त्यांच्या जुन्या शाळेतून व्हॉलीबॉलची टाकाऊ जाळी आणली. फुलं गळायला लागली होती, उशीर करून चालणार नव्हतं. मी सुखदेवला सांगितलं, "आज दवंडी दे. उद्या पहाटे प्रत्येकाने आपापल्या मोहाखाली जाळं लावायचं. जाळी घेऊन मी येते."

सुखदेवच्या आवाजाची ख्याती अशी, की तो गावात खोकला तर फाट्यावरची एस.टी. थांबते. पण या आवाजाची एक खोड होती. शेवटचं अक्षर तो इतकं लांबवायचा, की त्यावरचा अनुस्वार वाटेतच कुठेतरी गळून पडायचा.

त्याने डफडं वाजवलं आणि दवंडी दिली, "ऐका होऽऽ! उद्या पहाटे आपापल्या मोहाखाली जाळऽऽ लावा होऽऽ! बाईचा हुकूम हाय होऽऽ!"

पहाटे आमची जीप टेकडीपाशी आली, तर प्रत्येक मोहाखाली पाचोळ्याचा नीट ढीग रचलेला आणि प्रत्येक ढिगापाशी एक बाई, हातात काडेपेटी! इतकं शिस्तशीर पळसबोडी मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा!" मी धावत सुटले. "काय करताय?"

"जाळ लावून राहिलो," गिरजाबाई म्हणाली. "तूच तं सांगतलं. आम्ही तं म्हटलं, बाईले उशिरा का होईना, अक्कल आली."

आणि तिने काडी ओढली!

मला दुसरं काही सुचलं नाही. मी धावत जाऊन त्या ढिगावर मांडी घालून बसले. "लावा आता!"

"उठ वं! साडी जळन तुही!"

"जळू दे. माझ्यासकट लावा."

गिरजाबाई काडी धरून माझ्याकडे बघत राहिली. काडी जळत जळत तिच्या बोटाला लागली, तेव्हा तिने ती झटकली, बोट तोंडात घातलं आणि गावाकडे तोंड करून ओरडली, "सुखदेवाऽऽ! ये इकडं! तुह्या जिभीलेच लावतो जाळ!"

* * *

मग जाळी अंथरली. फुलं टपटप पडायला लागली आणि जाळ्याच्या भोकांतून टपटप पाचोळ्यात गेली. व्हॉलीबॉलच्या जाळ्यातून बॉल जात नाही. मोहफूल चेंडूएवढं नसतं, हे आमच्या मंडळात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

गिरजाबाईने जाळं उचलून उन्हात धरलं. "हे जाळं हाय, का नुसते भोकं हाय वं?"

बाया पोट धरून हसल्या. नाना टोपी काढून वारा घेत बसले. मी अजून त्याच ढिगावर होते. उठायचं त्राणच नव्हतं. तेवढ्यात माझ्या मांडीवर, ताणलेल्या साडीवर, एक फूल पडलं. मग दुसरं. पिवळसर, रसाळ, पाचोळ्याचा कण नसलेलं. गिरजाबाईचं हसणं थांबलं. तिने वाकून माझ्या ओटीतलं एक फूल उचललं, तोंडात टाकलं आणि चघळत म्हणाली, "माती नाही वं याच्यात."

ती तडक घरी गेली आणि जुनं नऊवारी लुगडं घेऊन आली. मला ढिगावरून हाताला धरून उठवलं, लुगडं झाडाखाली पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. दुपारपर्यंत तिची टोपली इतरांच्या दीडपट भरली होती, आणि वेचून साफ करायचं कामच नाही!

त्या दिवसापासून पळसबोडीत मोहाखालच्या लुगड्याला 'जाळ' हे नाव पडलं. सुखदेवला चिडवायला पडलं आणि चिकटलं. "ए, जाळ वाळला का?" "माहा जाळ फाटला वं!" नवखा माणूस ऐकून घाबरला असता.

* * *

पण इतकी जुनी लुगडी आणायची कुठून? प्रत्येकीकडे नेसायलाच बेताची. तेव्हा गावोगाव नायलॉनच्या साड्या आल्या होत्या आणि उमरेडच्या कोष्ट्यांची लुगडी घडीतच पडून राहत होती. त्यातल्या हरिभाऊंकडे मी गेले. ते मागावर बसले होते. मी म्हटलं, "हरिभाऊ, मला जाळं पाहिजे. भरपूर."

हरिभाऊंनी धोटा थांबवला. "जाळं विणाले मी का कोळी हाय? मी कोष्टी हाय, बाई!"

मी सगळी हकीकत सांगितली. ते ऐकून घेत होते, पण चेहरा पडत चालला होता. मला वाटलं, माणूस दुखावला. नेसायच्या वस्तूवर झाडाखाली दगड ठेवायचे म्हणजे काय!

"कायची फुलं पडतात त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"मोहाची."

"रोज?"

"रोज पहाटे."

हरिभाऊ उठले, आतून विणताना बिघडलेल्या लुगड्यांचा गठ्ठा आणून माझ्यापुढे टाकला. "घेऊन जा. इथं तं त्याईच्यावर धूळच पडते!"

* * *

गिरजाबाईच्या पुतणीला बघायला कळमेश्वरहून पाहुणे आले. टेकडीच्या वाटेने येताना त्यांना प्रत्येक झाडाखाली लाल, हिरवं, जांभळं लुगडं पसरलेलं दिसलं. मुलाचा बाप बिचकला. "काय हो, गावात कोणाचं लगन हाय का आज?"

"हो," गिरजाबाई म्हणाली. "आमच्या इथं झाडं बी नेसून राहतात. तुमच्या तिकडं कसं हाय?"

सोयरीक जमली. मुलाच्या बापाने जाताना एकच अट घातली. त्याला एक 'जाळ' घरी न्यायचा होता, दाखवायला.

* * *

एक दिवस रेंजरसाहेब घामाघूम होऊन गावात आले. हातात काठी, काठीच्या टोकाला एक फाटकं जांभळं लुगडं. टेकडीच्या पार वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत सापडलेलं. उभं फाटलेलं, त्यावर लाल-तपकिरी डाग.

"गावातली कोणती बाई बेपत्ता आहे?" त्यांनी दरडावून विचारलं. "एकूण एक बायका पारावर आणा! काही अभद्र घडलंय."

सुखदेवने हाळी दिली. बाया धावत आल्या. रेंजरसाहेब एकेकीचं नाव विचारायला लागले. सगळ्या हजर. गिरजाबाई सगळ्यांत शेवटी आली. लुगडं बघितलं आणि तिने कपाळावर हात मारला.

"अवं माय! हे तं माह्या मोहाचं हाय! कालपासून शोधून राहिली मी."

"मग हे वर कसं गेलं?"

"कसं म्हणजे? अस्वल घेऊन गेलं असन ना! पहाटे येते ते, फुलं खाते, नखात अटकलं असन."

"आणि हे डाग?"

गिरजाबाईने डागाचा वास घेतला आणि लुगडं रेंजरसाहेबांच्या नाकापुढे धरलं. मोहाचा गोड, आंबूस वास. साहेब खाली बसले. कुणीतरी पाणी दिलं.

"साहेब," गिरजाबाई समजुतीने म्हणाली, "रपोट लिहाचीच असन तं अस्वलीनीवर लिहा. लुगडं बाईच नेते."

* * *

आणि एक रानकोंबडी. हा किस्सा हसायचा नाही, पण सोडवत नाही.

गिरजाबाईच्या मोहाच्या बुंध्याशी, यंदा न जळलेल्या पाचोळ्यात, रानकोंबडीने अंडी घातली. दरवर्षी तिथे राख असायची, त्यामुळे असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर गिरजाबाईचं लुगडं झाडापासून लांब, नको तिथे पसरलेलं. फुलं निम्मीच त्यावर पडत होती.

"गिरजाबाई, हे इतकं लांब का?"

"हळू बोल," ती म्हणाली. "बाळंतीण हाय तिकडं."

पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिने निम्मी फुलं सोडून दिली. माझ्या भाषणात 'संवर्धन' हा शब्द पुष्कळदा यायचा. त्यानंतर मी तो पळसबोडीत वापरला नाही. गरज पडली नाही.

* * *

मोह संपला. टेकडी हिरवी नव्हती, उन्हाळ्यात नसतेच, पण काळीही नव्हती. मोठे साहेब नागपूरहून आजच पाहणीला येणार, असा एका सकाळी निरोप आला. त्याच दुपारी बाया बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, लुगडी धूत होत्या. मोहाच्या रसाने चिकट झालेली लुगडी आता पुढच्या वर्षापर्यंत घडी करून ठेवायची होती. नाना आणि मी बांधावर बसून बघत होतो. सुखदेव राखणीला टेकडीच्या माथ्यावर.

आणि वरून त्याचा आवाज आला. "जाळऽऽ! जाळऽऽ! जाळऽऽ!"

बायांनी वर बघितलं.

"आता काहून?" एक म्हणाली. "फुलं तं संपली!"

"अर्ध्या धुण्यावर बोलवून राहिला मेला!"

"जाळऽऽ! घेऊन या होऽऽ! लवकर!" (नंतर सुखदेव शपथेवर सांगायचा की तो 'पाणी घेऊन या' म्हणाला होता. 'पाणी' कुणालाच ऐकू आलं नाही.)

"चाला वं," गिरजाबाई पदर खोचत म्हणाली. "काय पाहिजे ते तरी पाहू. नाही तं त्यालेच पिळू!"

ओलीगच्च लुगडी खांद्यावर टाकून, पाणी निथळत, सुखदेवला शिव्या घालत साऱ्या जणी टेकडी चढल्या. मागून मी. माथ्यावर पोहोचलो आणि शिव्या थांबल्या. पलीकडच्या रस्त्याकडून, कुणाच्या तरी फेकलेल्या विडीने असेल, वाळक्या गवतातून खराखुरा जाळ वर येत होता. कडकड आवाज करत, वाऱ्यासोबत.

सगळा उन्हाळा डोळ्यांपुढून गेला.

गिरजाबाईने क्षणभर हातातल्या लुगड्याकडे बघितलं, क्षणभर आगीकडे. मग लुगडं दोन्ही हातांनी फिरवून तिने आगीवर हाणलं. फस्स! धूर आणि वाफ. दुसरीने हाणलं. तिसरीने. मग सगळी रांगच्या रांग, लाल, हिरवी, जांभळी, धुणं आपटावं तशी आग आपटत पुढे सरकायला लागली! एकीने मला लुगड्याचं दुसरं टोक दिलं. "धर वं! पाहून काय राहिली?" मी धरलं. खालून पुरुष हिरव्या फांद्या घेऊन आले, नाना टोपीत पाणी घेऊन आले. टोपी वर पोहोचेपर्यंत रिकामी झाली होती, पण नानांनी ती आगीवर झटकली!

आग विझली. माथ्याच्या अलीकडे ती आलीच नाही. कडेने एक लांबलचक काळा पट्टा राहिला आणि बायांच्या हातात भोकंच भोकं पडलेली लुगडी.

आणि तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला.

मोठे साहेब वर चढून आले, मागे रेंजरसाहेब. काळ्या पट्ट्यापाशी साहेब थांबले. "हे काय आहे?"

आमची तोंडं काजळीने भरलेली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर गिरजाबाईने माझ्या पायावर पाय दिला.

रेंजरसाहेबांनी पट्ट्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला.

"जाळरेषा आहे, साहेब. नकाशावर दाखवलेली आहे."

"जाळरेषा सरळ असते. ही वाकडी का?"

"टेकडी वाकडी आहे, साहेब."

साहेबांनी गिरजाबाईच्या हातातल्या लुगड्याकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

गिरजाबाईने लुगडं दोन्ही हातांनी उन्हात धरलं. भोकाभोकांतून पलीकडचं आकाश दिसत होतं.

"हे जाळं हाय, साहेब," ती म्हणाली. "भोकं नाही का दिसून राहिले?"

साहेब वाकले. काळ्या पट्ट्यावर तळहात टेकवून बघितला. उठले तेव्हा तळहात ओला होता. तो रुमालाने पुसत ते पट्ट्याच्या अलीकडच्या टेकडीकडे, चारोळी-बेहड्यांकडे वळले.

"इतक्या वर्षांच्या नोकरीत," ते रेंजरसाहेबांना म्हणाले, "ओली जाळरेषा मी पहिल्यांदाच पाहतोय. ज्यांनी केली, त्यांच्याकडेच राहू द्या ही टेकडी."

सुखदेवने आनंदाने जी आरोळी ठोकली, तिला फाट्यावरची एस.टी. नक्की थांबली असणार!

संध्याकाळी उतरताना गिरजाबाई मला बोडीच्या काठावरच्या एका लहानशा मोहापाशी घेऊन गेली. "या घरचे सारे गाव सोडून गेले. बिनमालकाचा हाय. आजपासून हा तुहा."

"पण गिरजाबाई, मी तर जूनमध्ये..."

"तू जाऊन राहिली तं जा वं," ती म्हणाली. "मोह नाही जात कुठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमरेडला उतरले. हरिभाऊ नुकतेच मागावर बसत होते.

"हरिभाऊ, एक लुगडं द्या. चांगलं. बिघडलेलं नको."

"कोणाले नेसाले?"

"माझ्या मोहाला."

हरिभाऊ हसले. "आता? अवं बाई, मोह संपला. आता तं थेट पुढच्या फागुनातच गळन तो. तवरी काय करसान?"

"थांबते," मी म्हणाले.